रस्त्यावरच्या मिठापासून गाडीचा रंग कसा वाचवायचा

कॅनडात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्याआधी सगळे जण टायरबद्दल सांगतात. बॅटरीबद्दल सांगतात, काच धुण्याचं पाणी उणे ४० अंशांपर्यंत न गोठणारंच घे म्हणून बजावतात. रंगाबद्दल कोणी बोलत नाही. टायर घसरला की त्याच क्षणी कळतं; रंगाचं काय झालं ते कळायला एप्रिल उजाडावा लागतो.

मी टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात राहतो. इथली माझी पहिली गाडी गडद निळी होती. डिसेंबर ते मार्च रोज सकाळी दारावर मिठाचा पांढरा खर साचलेला असायचा आणि जाकिटाची बाही बरबटू नये म्हणून मी तो कोरड्या कागदी रुमालाने पुसून टाकायचो. एप्रिलमध्ये गाडी स्वच्छ धुऊन उन्हात लावली, तर चालकाच्या दारावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे चमकत होते. बरोबर माझा हात फिरायचा तेवढ्याच भागात. त्याच्या मागच्या दाराला मी हिवाळाभर हात लावला नव्हता. ते नव्यासारखं होतं. मीठ तर दोन्ही दारांवर सारखंच उडालं होतं.

त्या दोन दारांकडे बघून मला जे कळलं, ते आधीच सांगतो. रंग अखंड असेल तर मीठ त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. रंगाचा टवका उडालेला असला, की त्या भोकातून ते खालच्या पत्र्याला गाठतं. आणि आपण ते घासून काढायला गेलो, की चरे आपल्याच हातून पडतात. म्हणून थंडीआधी भोकं बुजवायची आणि थंडीभर गाडी पुसायची नाही, धुवायची. ऑन्टारिओ, क्यूबेक, मिशिगन, इलिनॉय, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, जिथे जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या सगळ्यांना हे लागू आहे.

मीठ रस्त्यावर काय करतं

ऑन्टारिओतल्या गॉडरिच गावाजवळ ह्युरॉन सरोवराच्या खाली सुमारे ५५० मीटर खोल मिठाची खाण आहे. भूमिगत मिठाच्या खाणींमध्ये ती जगात सर्वांत मोठी. डेट्रॉइट शहराच्याही खाली अशीच एक खाण आहे. अशा खाणींतलं जाड्या खड्यांचं मीठ ट्रकमधून रस्त्यावर येतं. आपल्या स्वयंपाकघरातलंच सोडियम क्लोराइड, फक्त शुद्ध न केलेलं.

साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. त्यात २३ टक्क्यांच्या आसपास मीठ विरघळवलं, तर ते उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहतं. प्रत्यक्ष रस्त्यावर इतकं दाट द्रावण टिकत नाही, त्यामुळे उणे १० च्या खाली नुसत्या मिठाचा जोर ओसरायला लागतो. मग त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. या दोन क्षारांचा एक गुण गाडीच्या मुळावर येतो: ते हवेतला ओलावा ओढून घेतात. रस्ता कोरडा ठणठणीत दिसत असला, तरी चाकाच्या कमानीत चिकटलेला गाळ ओलाच असतो. बर्फ पडण्याच्या आदल्या दिवशी रस्त्यावर समांतर पांढऱ्या रेघा दिसतात ना, ते आधीच फवारून ठेवलेलं मिठाचं पाणी. त्यावरून गाडी गेली, की बर्फाचा कण पडायच्या आधीच गाडी खारवलेली असते.

कोकणात लहानाचे मोठे झालेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. किनाऱ्यावरच्या घरांत खिडकीचे गज आणि फाटकाच्या बिजागऱ्या खाऱ्या वाऱ्याने कशा झिजतात, ते त्यांनी पाहिलंय. इथे तोच खारेपणा खालून येतो, टायरच्या फवाऱ्यातून, ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने.

एका गोष्टीचा बहुतेकांचा गैरसमज असतो. उणे २० ची थंडी गाडीला सर्वांत वाईट, असं वाटतं. गंजणं ही रासायनिक क्रिया आहे; थंडी वाढली की ती मंदावते. कडाक्याच्या थंडीत गोठून बसलेलं मीठ जवळजवळ निपचित असतं. पारा शून्याच्या वर चढला, गाळ वितळला, की ते कामाला लागतं. आमच्या भागात जानेवारीतही पारा शून्याच्या खालीवर होत राहतो, म्हणून इथल्या गाड्या जास्त गंजतात. आणि म्हणूनच खारवलेली गाडी न धुता रोज उबदार गॅरेजमध्ये लावणं तिला मानवत नाही. ऊब, ओल आणि मीठ, तिन्ही गोष्टी रात्रभर तिथे एकत्र मिळतात.

रंग किती जाड असतो

कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. माणसाच्या दोन केसांएवढी जाडी. त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ४० ते ५० मायक्रॉनचा. चकाकी असते ती याच थरात आणि चरेही यातच पडतात. दर वसंतात पॉलिश मारून चरे काढणं म्हणजे हाच थर थोडाथोडा खरवडून काढणं. तो एकदा संपला की परत आणता येत नाही, म्हणून पॉलिश हा उपाय मी अगदी क्वचित करतो.

ऑक्टोबरमधली कामं

हा भाग मी सविस्तर सांगणार आहे, कारण हिवाळ्याची निम्म्याहून जास्त लढाई इथेच ठरते. रंग भरणं, मेण किंवा सीलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर, लावणं, ही कामं १० अंशांच्या खाली नीट होत नाहीत. दिवाळी होईपर्यंत थांबू म्हटलं, तर बऱ्याच वर्षी उशीर झालेला असतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत एक कोरडा शनिवार-रविवार धरून ठेवा.

गाडीखाली गंजरोधक तेल मारून घ्यायचं असेल, तर ते त्याच्याही आधी. इथे दरवर्षी करायचं ते काम आहे; लहान गाडीला साधारण दीडशे-दोनशे डॉलर लागतात. दारांच्या पोकळीत, खालच्या पट्ट्यांत, चाकांच्या कमानींच्या आतल्या दुमडीत पातळ तेल फवारतात आणि ते सांध्यांत झिरपत जातं. नंतर दोन-एक दिवस तेल ठिबकतं, घरासमोरच्या फरशीवर डाग पडतात, म्हणून खाली पुठ्ठा टाका. हे रंगाचं काम नाही असं वाटेल. पण रंगाला फोड येतात ते पुष्कळदा आतून, पत्रा मागच्या बाजूने गंजल्यामुळे. त्या बाजूला मेण पोहोचत नाही, तेलच पोहोचतं. तेल मारून झाल्यावर दारांच्या खालच्या कडेला असलेली पाणी निचऱ्याची बारीक भोकं मोकळी आहेत ना, हे काडी घालून बघा. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या खोबणीत मेपलची पानं साचतात, तीही हाताने काढून टाका. ती कुजली की तिथे हिवाळाभर ओल राहते.

आता धुलाई. दोन बादल्या घ्या, एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. फर असलेला हातमोजा शांपूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून कचरा सोडवायचा आणि मगच परत शांपूत. वरून खाली यायचं, कारण सगळी खर दारांच्या खालच्या भागात असते. गाडी सुकली, की हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून रंगावरून बोटं फिरवा. नुसत्या बोटांना जे जाणवत नाही ते पिशवीतून जाणवतं. खरखर लागली, तर डांबराचे ठिपके किंवा ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतले आहेत. डांबर त्याच्या वेगळ्या द्रावणाने काढा. उरलेल्यासाठी क्ले बार मिळतो, कणकेच्या गोळ्यासारखा. भरपूर फवारा मारून, अगदी हलक्या हाताने तो फिरवायचा आणि मळला की दुमडून नवी बाजू वर घ्यायची. गोळा जमिनीवर पडला तर तो टाकून द्या. खडा चिकटलेला गोळा रंगावर फिरवला, तर ज्यासाठी आपण इतकी खटपट करतोय तेच हातचं जाईल.

मग टवके शोधायचे. मी चिकटपट्टीचे छोटे तुकडे घेऊन गाडीभोवती फिरतो आणि टवका दिसला की शेजारी तुकडा लावतो. बॉनेटची पुढची कड, काचेच्या वरची छताची कड, पुढच्या चाकांच्या मागचा भाग, मागच्या कमानीची कड, दारांचा खालचा हातभर पट्टा, या जागा हमखास. बंपर बहुतेक गाड्यांना प्लास्टिकचा असतो; तिथला टवका वाईट दिसतो, पण गंजत नाही, तो शेवटी घ्या.

रंगाचा क्रमांक चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सापडतो. त्या क्रमांकाची छोटी बाटली गाडीच्या कंपनीच्या दुकानात मिळते. टवका आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. बाटलीतला ब्रश वापरू नका, तो फार जाड असतो. दात कोरायच्या काडीचं टोक रंगात बुडवून टवक्याच्या मधोमध टेकवा, रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो. एकदम जाड थेंब सोडण्यापेक्षा तासाभराच्या अंतराने दोन-तीन पातळ थर द्या आणि वर क्लिअर कोटचा एक थर. टवक्यात तांबूस ठिपका दिसत असेल, तर आधी बारीक पॉलिशपेपर पेन्सिलीच्या टोकाला गुंडाळून तेवढाच बिंदू घासा, गंज निष्क्रिय करणारं द्रावण लावा, प्रायमर द्या, मग रंग. काम सुबक दिसेलच असं नाही. दोन फुटांवरून डाग ओळखू येईल. चालेल. पत्रा झाकला गेला, हे महत्त्वाचं. पण रंग फुगून आलेला असेल, दाबल्यावर पोपडा सुटत असेल, तर तो गंज आतून आलाय. त्याला घरी हात लावू नका, डेंटिंग-पेंटिंगवाल्याला दाखवा. आणि गाडी हमीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक कंपन्यांची गंजाची हमी पत्रा आतून बाहेर आरपार कुजला तरच लागू होते. दगडाने उडालेल्या टवक्याचा गंज तिच्यात बसत नाही.

शेवटी संरक्षक थर. बाजारात तीन प्रकार आहेत. कार्नोबा मेण सुंदर चमकतं, पण मिठाच्या माऱ्यात सहा ते आठ आठवडे टिकलं तरी पुष्कळ. सिंथेटिक सीलंट चार ते सहा महिने टिकतं, म्हणजे एक हिवाळा निघतो. सिरॅमिक कोटिंग काही वर्षं टिकतं, पण ते महाग असतं आणि लावण्याआधी रंग निर्दोष लागतो. माझं मत विचाराल तर बहुतेक लोकांना सीलंट पुरे. गाडी नवी असेल आणि सात-आठ वर्षं ठेवायची असेल, तरच सिरॅमिकचा विचार करा. तेही दगडाचा टवका अडवत नाही, हे विकणारा सांगेलच असं नाही. टवका अडवतो तो रंगावर चिकटवायचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा पडदा. सगळ्या गाडीला तो परवडत नाही, पण बॉनेटची पुढची कड आणि मागच्या चाकापुढचा पट्टा एवढ्याला लावून घेतला तरी मोठा फरक पडतो. कॅलगरी-एडमंटनकडच्या लोकांनी तर नक्की, कारण तिथल्या थंडीत मिठाचा जोर चालत नाही, म्हणून रस्त्यावर खडीचा वापर जास्त असतो. साधे मडफ्लॅप बसवले तरी दारांचा खालचा भाग वाचतो.

सीलंट अगदी पातळ लावा. एका वेळी एक भाग घ्या, धुरकट झालं की मऊ मायक्रोफायबरने पुसा. दुसऱ्या दिवशी आणखी एक थर द्या, म्हणजे पहिल्या वेळी सुटलेल्या जागा झाकल्या जातात. त्यानंतर निदान १२ तास पाणी लागू देऊ नका. दाराच्या आतल्या चौकटी, दाराची खालची कड, पेट्रोलच्या झाकणाभोवतीची खोबण, नंबरप्लेटच्या मागची जागा, इथेही लावा. गंज याच जागांपासून सुरू होतो आणि इथे कोणी लावत नाही. हिवाळी टायर बदलायला चाकं काढली असतील, तर रिमलाही दोन्ही बाजूंनी. नुकत्याच रंगवलेल्या टवक्यांवर मात्र आठवडाभर काही चोळू नका.

बर्फ काढताना

काच खरवडायचं पातं फक्त काचेसाठी. हेडलाइट प्लास्टिकचे असतात, त्यांनाही ते लावायचं नाही. रंगावरचा बर्फ काढायला फोमचं रुंद डोकं असलेला दांडा मिळतो, तो घ्या. केसाळ ब्रश, घरातला केरसुणीचा झाडू, फावडं, यांतलं काही नको. मऊ ब्रशसुद्धा नको, कारण चरे केसांमुळे पडत नाहीत, त्यांत अडकलेल्या खड्यांमुळे पडतात.

फोमनेही बर्फ तळापर्यंत ओढू नका. वरचा ढीग ढकला आणि रंगाला लागून बोटभर थर राहू द्या. तो गाडी तापल्यावर किंवा उन्हाने आपोआप सुटतो. बर्फ भुसभुशीत असेल, तर पानं उडवायचा ब्लोअर उत्तम; रंगाला काही टेकतच नाही. आमच्या गल्लीतले दोघे-तिघे आता हेच करतात. छत मात्र मोकळं केल्याशिवाय निघू नका. महामार्गावर ती लादी उडून मागच्या गाडीच्या काचेवर आदळते. न्यू जर्सीत तर गाडीवरचा बर्फ न काढल्याबद्दल दंड होतो.

गोठत्या पावसाने गाडीवर काचेसारखं कवच धरलं असेल, तर रंगावरच्या कवचाला हात लावू नका. ठोकून फोडायचं नाही, पात्याने उचकटायचं नाही. गाडीच्या काचा आणि दिवे मोकळे करा, छतावरचा सुटा झालेला भाग काढा, बाकीचं पारा चढल्यावर पडेल. गरम पाणी ओतणं तर अजिबात नको: काच तडकू शकते, आणि ते पाणी दाराच्या रबरात जाऊन पुन्हा गोठतं. दार चिकटलं असेल, तर ओढण्याआधी बाहेरून तळव्याने चारी बाजूंनी दाबा, बर्फ कडकड मोडतो आणि रबर फाटत नाही.

गाडीवर कापडी आच्छादन घालावं का, असं भारतातून आलेले लोक हमखास विचारतात. उघड्यावर तरी घालू नका. आधीची धूळ आणि मीठ खाली अडकतं, वाऱ्याने कापड त्यावर घासत राहतं, आणि ओलं होऊन गोठलं की रंगाला चिकटतं. स्वच्छ गाडीवर पडलेल्या ताज्या बर्फाने रंगाला काही होत नाही. त्याला तसंच पडून राहू द्या.

हिवाळ्यातली धुलाई

किती वेळा? दहा-पंधरा दिवसांनी एकदा. शिवाय मोठ्या बर्फवृष्टीनंतर, रस्त्यावरचं मीठ ओसरलं की एकदा. दिवस निवडताना हवामानाचा अंदाज बघा: पारा शून्याच्या वर जाणार असेल असा दिवस, आणि धुलाई दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान, म्हणजे संध्याकाळी गोठायच्या आत गाडी निथळेल. उणे १० ला धुवायला गेलात, तर पाणी फटींत गोठेल आणि मीठ तरी कुठे पातळ झालंय? ते त्या दिवशी काही करत नाहीये. थांबा.

ब्रश फिरणाऱ्या बोगद्यातून हिवाळ्यात गाडी नेऊ नका. तुमच्या पुढे बांधकामावरून आलेला चिखलाने माखलेला ट्रक गेलेला असतो आणि त्याची खडी ब्रशच्या पट्ट्यांत असते. नुसत्या पाण्याच्या मारावर चालणारं, काही न टेकवणारं स्वयंचलित धुलाईयंत्र त्यापेक्षा कितीतरी बरं. त्याचा साबण तिखट असतो, सीलंट लवकर उतरवतो, पण चरे तरी पडत नाहीत. मला स्वतःला नाणी टाकून आपल्या हाताने धुण्याची जागा सर्वांत आवडते, कारण पाणी कुठे मारायचं ते आपल्या हातात असतं.

तिथे घड्याळ पळत असतं, म्हणून क्रम आधीच ठरलेला हवा. नाणी टाकायच्या आधी चाकांच्या कमानींत लोंबणारे बर्फाचे काळे गोळे हातमोज्याने सोडवून घ्या. लाथ मारू नका, आतलं प्लास्टिक थंडीने कडक झालेलं असतं आणि फुटतं. पहिला फवारा कमानींत, वरून, आतल्या दुमडीत. गाडीचं सर्वांत जास्त मीठ तिथे असतं. मग दारांखालची पट्टी, बंपरच्या आतली बाजू, गाडीखाली जेवढं पोहोचेल तेवढं. कमानीतून वाहणारं पाणी राखाडी आहे तोवर थांबायचं नाही. त्यानंतर छतापासून खाली. नळीचं तोंड रंगापासून फूटभर लांब, आणि जिथे टवका भरलाय तिथे दोन फूट लांब, तिरकं. जवळून सरळ मारलं तर टवक्याच्या कडेचा रंगच पाण्याने उचकटतो.

मग साबणाचा फवारा, दोन मिनिटं थांबून परत पाणी. कडेला लटकवलेला फेसाचा ब्रश हातात घेण्याचा मोह होईल. घेऊ नका, त्याच ट्रकवाल्याने तोही वापरलेला असतो. शेवटचा फवारा क्षार काढलेल्या पाण्याचा असेल तर उत्तम.

एवढं करूनही गाडीवर एक करडी साय उरते. नुसत्या फवाऱ्याने ती जात नाही आणि ती बघून हात शिवशिवतो. उरू द्या. तेवढी साय रंगाचं काही बिघडवत नाही. ती काढायला फडकं घेतलंत की बिघडवेल.

फडकं लागतं ते फक्त आतल्या बाजूला. चारी दारं आणि डिकी उघडून चौकटीतलं पाणी पुसून घ्या, रबरावरून सिलिकॉन फिरवा, म्हणजे रात्री दारं चिकटणार नाहीत. निघाल्यावर मोकळ्या रस्त्यावर ब्रेक हलकेच चार-पाच वेळा दाबा, आणि कडाक्याची थंडी येणार असेल तर त्या रात्री हातब्रेक ओढून ठेवू नका.

ज्यांच्याकडे गॅरेज आहे त्यांनी महिन्यातून एकदा पुढची पायरी करावी. बाहेरून फवाऱ्याने मीठ उतरवून आणल्यावर, गॅरेजमध्ये ८-१० अंश ऊब असताना, न खळबळता धुण्याचं द्रावण कोमट पाण्यात मिसळून सात-आठ मायक्रोफायबर भिजवायचे. प्रत्येक फडक्याने एकच भाग, एकाच दिशेने, दाब न देता. वापरलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं नाही. ती करडी साय निघते ती इथे. गाडी ओली असतानाच सीलंटचा फवारा मारून पुसलं, की जानेवारीत संरक्षण पुन्हा ताजं होतं. पण हे वरवरची खर फवाऱ्याने उतरवल्यावरच. खारवलेल्या गाडीवर थेट ओलं फडकं फिरवणं आणि माझा तो कोरडा कागदी रुमाल, यांत फार फरक नाही. गॅरेजच्या जमिनीवर साचलेलं खारट पाणी रबरी पट्टीच्या झाडूने बाहेर लोटा. तसंच सोडलं तर त्याची ओल रात्रभर गाडीच्या पोटाला लागते.

रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये

ऑन्टारिओत बर्फ लोटणाऱ्या आणि मीठ टाकणाऱ्या ट्रकवर निळे दिवे लुकलुकतात. ते दिसले की मागे राहा, भरपूर मागे. त्यांना ओलांडणं धोक्याचं आहेच, शिवाय मिठाचे खडे थेट बॉनेटवर येतात. दुकानांच्या दारासमोरच्या रांगा टाळा. ग्राहक घसरून पडू नये म्हणून तिथे रस्त्यापेक्षाही जास्त मीठ पसरलेलं असतं. आणि जागा कमी आहे म्हणून बर्फाच्या ढिगाऱ्यात गाडीचं नाक खुपसू नका. वरून पांढराशुभ्र दिसणारा तो ढिगारा म्हणजे रस्त्यावरून लोटून आणलेली खडी आणि मीठच.

एप्रिल

मीठ टाकणं थांबलं आणि दोन-तीन चांगले पाऊस पडून रस्ते धुतले गेले, की वर्षातली सर्वांत मोठी धुलाई करा. गाडीखाली दहा-पंधरा मिनिटं साधं पाणी मारा, घाई करू नका. आतल्या दुमडींत बसलेला गाळ भिजून सुटायला वेळ घेतो. मग दोन बादल्यांची धुलाई, डांबर काढणं, आणि लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण. ते कणांना लागलं की जांभळं होऊन ओघळतं. दारांच्या खालच्या भागावर किती जांभळं झालं, त्यावरून हिवाळाभर तिथे काय उडालं ते दिसतं.

चाकाच्या कमानीच्या कडेवर आतून बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर ठीक. कुठे टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा लागला, तर त्या जागेचा फोटो काढून ठेवा, शेजारी नाणं धरून, म्हणजे पुढच्या वेळी वाढला का ते कळेल. मग परत चिकटपट्टीचे तुकडे घेऊन गाडीभोवती एक फेरी. यंदा माझ्या बॉनेटवर सहा तुकडे लागले, उजव्या कमानीवर एक. हे टवके ऑक्टोबरसाठी राखून ठेवू नका. मे महिन्यात रात्रीही पारा १० च्या खाली उतरेनासा झाला, की त्याच आठवड्यात भरून टाका. वसंतातल्या पावसात उघड्या पत्र्यावर तांबूस ठिपका धरायला फार दिवस लागत नाहीत.